‘तिला सोडा, ती मारत नाही!’

बास्केटबॉलच्या मैदानावर प्रतिस्पर्धी संघाच्या बाकावरून येणारी एक आरोळी मला आता पाठ झाली आहे. ‘तिला सोडा, ती मारत नाही!’ या आरोळीतली ‘ती’ म्हणजे प्रस्तुत लेखिका. आपल्या महाविद्यालयाच्या मुलींच्या संघात मी पॉइंट गार्ड म्हणून खेळते. चेंडू आपल्या अर्ध्यातून पुढे न्यायचा, कोणी कुठे उभे राहायचे ते खुणेने सांगायचे आणि जिला संधी दिसते तिच्या हातात वेळेवर चेंडू द्यायचा, हे माझे काम. रिंगपासून दूर उभे राहून शॉट मारणे मात्र मला जमत नाही. हे गुपित एखाददुसऱ्या सामन्यापुरते टिकले, पुढे ते सगळ्या विभागाला कळले.

गेल्या वर्षी आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेचा अंतिम सामना आम्ही एका गुणाने हरलो. तेव्हापासून कॅन्टीनमध्ये आणि प्राध्यापकांच्या खोलीबाहेरही दोन मते माझ्या कानांवर येतात. एक असे की, तिने न घाबरता मारायला हवे होते. दुसरे असे की, जिला मारता येत नाही तिला त्या जागेवर खेळवावेच कशाला? दोन्ही मते मांडणारी मंडळी संघाचे भलेच इच्छितात, याबद्दल शंका नाही. पण मला दोन्ही मते अपुरी वाटतात. एकीकडे मी मारावे आणि दुसरीकडे मी बसावे, या दोहोंमध्ये उरलेल्या चार जणींनी काय करावे याचा कोणी उच्चारच करीत नाही! स्वतःची वकिली केल्याचा आरोप येणार हे गृहीत धरून मी हा लेख लिहीत आहे.

ज्या वाचकांचा या खेळाशी संबंध जिमखान्याच्या फीपुरताच आला असेल, त्यांच्यासाठी आधी थोडा हिशेब मांडते. पाच विरुद्ध पाच असा हा खेळ. साधारणपणे प्रत्येकीवर एक बचावपटू असते. आता मी रिंगपासून सहा-सात मीटरवर चेंडू घेऊन उभी आहे आणि तिथून माझा शॉट पडत नाही हे समोरचीला ठाऊक आहे. मग ती माझ्यासमोर हात पसरून का उभी राहील? ती चार-पाच पावले मागे जाते आणि रिंगसमोरच्या रंगवलेल्या चौकोनात ठाण मांडते. आता माझी कोणतीही मैत्रीण रिंगकडे धावली की तिला स्वतःची बचावपटू ओलांडावी लागते, आणि तिच्यामागे माझी उभीच असते. उंच सेंटरला रिंगखाली पास द्यावा तर तिच्याभोवती दोघी. थोडक्यात, आम्ही चौघी पाच जणींविरुद्ध खेळू लागतो.

यात त्यांचा व्यवहारही चोख आहे. समजा, मी तीन गुणांच्या रेषेबाहेरून दहा शॉट मारले आणि दोन पडले, तर सहा गुण झाले. त्याच दहा वेळी आम्हांला रिंगखाली मोकळा ले-अप मिळाला आणि त्यांतले सात पडले, तर चौदा गुण झाले. सहा गुण देऊन चौदा वाचत असतील तर कोणता शहाणा प्रशिक्षक मला अडवायला माणूस खर्च करील? म्हणूनच आपले प्रेक्षक जेव्हा ‘मार, मार’ म्हणून ओरडतात तेव्हा मला हसू येते. आपले प्रेक्षक आणि समोरचा प्रशिक्षक यांची इच्छा अगदी एक असते.

नियमही त्यांच्याच बाजूचा आहे. अमेरिकेच्या एनबीएमध्ये २००१-०२ च्या हंगामापासून असा नियम आहे की, बचाव करणारा खेळाडू कोणाच्याही हाताच्या अंतरात नसेल तर त्याला त्या रंगवलेल्या पट्ट्यात तीन सेकंदांहून जास्त वेळ उभे राहता येत नाही. आपल्याकडचे सामने फिबा या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या नियमांनी होतात. त्यांत तीन सेकंदांचे बंधन फक्त चढाई करणाऱ्यांवर आहे. ४.९० मीटर रुंद आणि ५.८० मीटर लांब अशा त्या चौकोनात बचावपटूने वाटल्यास चटई टाकून बसावे, पंच काही म्हणणार नाहीत. म्हणजे जी अडचण अमेरिकेतल्या नामांकित खेळाडूंना छळते ती आमच्या सिमेंटच्या कोर्टावर अधिकच मोठी होते.

आणि ती नामांकितांनाही छळते, हे मला वसतिगृहात मोबाइलवर जुने सामने पाहताना कळले. त्यामुळे थोडा धीर आला हे कबूल करते. रेजन रोंडो हा बॉस्टन सेल्टिक्सचा पॉइंट गार्ड. २००८ च्या अंतिम मालिकेत तो अवघा बावीस वर्षांचा होता. त्याच्या संघात केव्हिन गार्नेट, पॉल पिअर्स आणि रे ॲलन असे तीन दिग्गज. लॉस एंजलिस लेकर्सने आपला सर्वांत मोठा खेळाडू कोबी ब्रायंट याला या पोरावर ठेवले. त्यात सन्मान कसला? रोंडोला दुरून सोडून द्यायचे आणि कोबीने मोकळे होऊन इतरांच्या मदतीला धावायचे, असा तो बेत होता. काही सामन्यांत तो साधलाही. पण सहाव्या सामन्यात रोंडोने २१ गुण केले, ८ वेळा सहकाऱ्यांना गुण करून दिले, ७ रिबाउंड घेतले आणि ६ वेळा चेंडू हिसकावला. बॉस्टनने तो सामना १३१-९२ असा जिंकला आणि विजेतेपदही.

त्या काळातले त्याचे सामने मी पुन्हापुन्हा पाहिले. तो दूरचे शॉट फारसे मारतच नाही. समोरच्याने सोडलेली जागा तो धावण्यासाठी वापरतो. लांब उडी मारणाऱ्याला जशी धाव घ्यायला पट्टी लागते, तशी ती पाच पावलांची मोकळी जागा त्याला मिळते. बचाव करणारा उभा आणि हा वेगात, मग त्याला थोपवणार कसे? दुसरे असे की, अंगाशी कोणी भिडलेले नसले की पास देणाऱ्याला सारे मैदान स्वच्छ दिसते. समोरच्याचे हात चेंडूच्या वाटेत येत नाहीत. मला दूर ठेवणारी मुलगी मला दोन गोष्टी फुकट देत असते, धाव आणि नजर. त्या मी घेतल्या नाहीत तर दोष तिचा कसा?

आता उलट उदाहरण. ते लिहिताना माझा हात थोडा अडखळतो. बेन सिमन्स हा सहा फूट दहा इंच उंचीचा पॉइंट गार्ड. २०१६ च्या निवडीत तो पहिल्या क्रमांकावर निवडला गेला होता. बचावात अव्वल, पास देण्यात अव्वल, पण दुरून शॉट मारायला तो तयारच नसे. २० जून २०२१ रोजी त्याचा फिलाडेल्फियाचा संघ अटलांटा हॉक्सविरुद्ध सातवा आणि निर्णायक सामना खेळत होता. साडेतीन मिनिटांच्या आसपास वेळ उरलेला, फिलाडेल्फिया ८६ आणि अटलांटा ८८. सिमन्सने गिरकी घेऊन आपल्या बचावपटूला मागे टाकले. रिंग समोर. मध्ये होता तो सहा फूट एक इंचाचा ट्रे यंग. चेंडू रिंगेत कोंबायचा एवढेच काम. आणि त्याने पास दिला! ज्याला दिला त्या मॅटिस थायबुलवर फाउल झाला, त्याने दोन फ्री थ्रोंपैकी एक घातला. फिलाडेल्फिया ९६-१०३ असे हरले. त्या सामन्यात सिमन्सने १३ वेळा सहकाऱ्यांना गुण करून दिले होते, पण स्वतः फक्त चार शॉट मारले. त्यानंतर तो फिलाडेल्फियाकडून पुन्हा कधी खेळलाच नाही. २०२२ च्या फेब्रुवारीत त्याला दुसऱ्या संघाकडे देऊन टाकण्यात आले.

लोक म्हणाले, त्याला शॉट येत नाही म्हणून संघ हरला. पण त्या क्षणी शॉटचा प्रश्नच नव्हता. रिंगखालचे काम त्याला उत्तम येत होते. त्याच्या मनात काय होते हे मी सांगू शकत नाही. त्या मोसमाच्या बाद फेरीत त्याने ७३ फ्री थ्रो मारले होते आणि त्यांतले फक्त २५ पडले होते, एवढे खरे. फाउल झाला असता तर पुन्हा त्या रेषेवर एकट्याने उभे राहावे लागले असते.

माझ्या मनात काय होते ते मात्र सांगता येते. आमच्या अंतिम सामन्यात अठरा सेकंद उरले होते आणि आम्ही एका गुणाने मागे होतो. माझी बचावपटू नेहमीप्रमाणे मागे मागे सरकत रिंगखाली गेली. मी चेंडू घेऊन आत शिरले. कोणी आडवे आले नाही. रिंग पाच-सहा फुटांवर आणि समोर माझ्याहून बुटकी एकटी मुलगी. उडी मारून चेंडू फळीवर ठेवायचा, बस. तेवढे मला येते, रोज सरावात करते. पण कानांत ती आरोळी होती. ही मला ढकलील, शिट्टी वाजेल, मग सगळ्यांच्या देखत दोन फ्री थ्रो मारावे लागतील, असा विचार एका पावलात मनात येऊन गेला. मी पास दिला. कॅप्टनच्या अंगावर दोघी होत्या. चेंडू त्यांच्यापैकी एकीच्या हातात गेला आणि सामना संपला.

मला जे येत नाही त्याच्या भीतीने मी जे येते तेही केले नाही. ही माझी चूक आणि ती मी कोणावर ढकलत नाही. पण चुकीचे नाव तरी बरोबर असावे. ‘तिला शॉट येत नाही’ हे त्या चुकीचे नाव नव्हे.

सिमन्सच्या त्या सामन्यानंतर बरोबर एका महिन्याने, २० जुलै २०२१ रोजी, मिलवॉकीच्या यानिस आंतेतोकुम्पोने अंतिम मालिकेतला सहावा सामना खेळला. हा पॉइंट गार्ड नव्हे, पण यालाही सगळे संघ दुरून सोडून देतात आणि रिंगसमोर भिंत उभी करतात. फ्री थ्रो मारायला त्याला इतका वेळ लागे की, त्या मोसमात प्रतिस्पर्धी प्रेक्षक मोठ्याने सेकंद मोजून त्याची टिंगल करीत. तो त्या सामन्यात १९ वेळा त्या रेषेवर उभा राहिला आणि १७ फ्री थ्रो त्याने घातले. एकूण ५० गुण करून संघाला अजिंक्यपद मिळवून दिले. १७ पडले हे नवल आहेच, पण मला त्यापेक्षा १९ या आकड्याचे नवल वाटते. रेषेवर जावे लागेल म्हणून तो आत शिरायचा थांबला नाही.

असो. हे झाले जिला सोडले जाते तिचे. आता मुख्य मुद्दा, तो बाकीच्या चौघींचा.

गावी मी शाळेत खो-खो खेळत असे. आमच्या गावच्या शाळेत रिंग नव्हती. रिंग मी प्रथम पाहिली ती अकरावीसाठी तालुक्याला आले तेव्हा. त्यामुळे माझ्या पायांत जे आहे ते पाटीवर बसून आणि खांबाला वळसा घालून आलेले आहे, आणि हातात जे नाही ते न मिळालेल्या रिंगचे आहे. खो-खोमध्ये पाठलाग करणारी दिशा बदलू शकत नाही, पाट्यांच्या मधून पलीकडे जाऊ शकत नाही. ती अडली की काय करते? बसलेल्या मैत्रिणीला पाठीमागून स्पर्श करून ‘खो’ देते आणि तिची जागा घेते. पळणारीचे लक्ष पहिलीवर असते, आणि दुसरी उठून झेप घेते.

बास्केटबॉलमध्ये ज्याला हँड-ऑफ म्हणतात तो मला खो-चाच भाऊ वाटतो. मी शॉट मारायचा नाही; मी चेंडू आपटत आमच्या कॅप्टनकडे जायचे. तिचा शॉट संघात सर्वांत चांगला. तिने माझ्या खांद्याला घासून धावत जायचे, जाता जाता माझ्या हातातून चेंडू घ्यायचा आणि मी जागच्या जागी खांबासारखे उभे राहायचे. तिच्यामागून येणारी बचावपटू मला अडखळते किंवा वळसा घालते. अशा वेळी खरे म्हणजे माझ्या बचावपटूने एक पाऊल पुढे येऊन कॅप्टनला रोखायला हवे. पण ती कुठे आहे? ती तर मला सोडून रिंगखाली उभी आहे! तिथून ती येईपर्यंत कॅप्टनच्या हातून चेंडू सुटलेला असतो. जिने मला मोकळे सोडले तिनेच आमच्या नेमबाजाला मोकळे केले. आणि समजा, ती शहाणी झाली व पुढे धावत आली, तर तिच्यामागे रिंग ओस पडते. कॅप्टनने चेंडू मला परत द्यायचा आणि मी शिरायचे.

ही माझी कल्पना नव्हे. गोल्डन स्टेट वॉरियर्सचा ड्रेमंड ग्रीन कित्येक वर्षे हेच करीत आला आहे. त्याच्या शॉटची भीती नाही म्हणून त्याला सोडून देतात. तो चेंडू घेऊन स्टीफन करीच्या दिशेने चालू लागतो, आणि पुढे काय होते ते सर्वांना माहीत आहे. हा संघ २०१५, २०१७, २०१८ आणि २०२२ या चार वर्षी अजिंक्य ठरला. करीसारखा नेमबाज आपल्या विभागात नाही हे मान्य. पण आपल्या कॅप्टनवर निदान आरोळी तरी वेगळी पडते.

याखेरीजही उपाय आहेत. चेंडू दुसरीकडे देऊन मी रिंगच्या बाजूला, शेवटच्या रेषेजवळ जाऊन उभे राहावे. तिथे माझा शॉट दीड मीटरचा असतो आणि तो मला येतो. बचाव जागेवर येण्याआधीच आम्ही चेंडू पळवावा; भिंत बांधायला वेळच दिला नाही तर ती उभी राहणार कशी? पण या प्रत्येक उपायाला पाचही जणींचे पाय हलावे लागतात. अंतिम सामन्यातले मोबाइलवर टिपलेले दृश्य आम्ही नंतर पाहिले. मी चेंडू घेऊन उभी, आणि चौघी चार कोपऱ्यांत हात वर करून ‘दे, दे’ म्हणताहेत. बसथांब्यावर उभ्या असाव्यात तशा. यात मैत्रिणींना दोष देत नाही, कारण त्या जागी मी असते तर मीही तशीच उभी राहिले असते. आमचा सरावच तसा होता. ज्या मुलीवर कोणी नाही तिच्याकडे पाहून सगळ्या जणी थांबतात, जणू आता तिचे तिने निस्तरावे.

म्हणूनच ‘तिला बसवा’ हा उपाय मला सोपा पण महाग वाटतो. मला बसवले तर माझ्या जागी जिचा शॉट बरा आहे ती येईल. पण तिला दडपणाखाली चेंडू पुढे आणता येतो का, समोरच्या गार्डला अडवता येते का, हेही मोजायला हवे. शेवटच्या मिनिटाला गरज पडली तर सरांनी मला खुशाल बाहेर घ्यावे. तो त्यांचा अधिकार आहे आणि कधीकधी तेच योग्य असते. आक्षेप आहे तो चाळीस मिनिटांच्या हिशेबाऐवजी एका आरोळीवरून निर्णय घेण्याला.

आणि मग शॉट शिकू नये का? शिकावा, शिकतेही आहे. जेसन किड १९९४ मध्ये एनबीएत आला तेव्हा त्याला शॉट नाही म्हणून त्याच्या इंग्रजी नावातले ‘जे’ हे अक्षर गाळून त्याला चिडवत. कारण तिथे जंप शॉटला ‘जे’ म्हणतात. २०१३ मध्ये तो निवृत्त झाला तेव्हा तीन गुणांचे १,९८८ शॉट त्याच्या नावावर होते. तोवर त्याच्याहून अधिक फक्त दोघांचे होते. पण मधली वर्षे मोजा, एकोणीस भरतात. बी. ए.ची वर्षे तीन, आणि त्यांतली दोन संपत आली. किडच्या पाठीशी रोज मोकळे मैदान आणि हवे तितके चेंडू असणार. आमच्याकडे पंधरा मुलींना चार चेंडू, त्यांतल्या एकाची हवा उतरलेली, आणि कोर्टावर मुलांचा सराव संपेपर्यंत अंधार पडतो. ज्यांनी ‘तिने मारायला शिकावे’ असे सुचवले त्यांनी जिमखान्याच्या कपाटाची किल्ली सकाळी सहाला मिळेल एवढी सोय करून दिली, तर मी त्यांची आभारी होईन. शॉट हा बोलून येत नाही. तो रिंगसमोर एकटे उभे राहून, हजारदा चुकून येतो, आणि ज्यांच्या अंगणात लहानपणी रिंग नव्हती त्यांना तो उशिरा येतो. तोवर संघाने काय करायचे, एवढाच माझा प्रश्न आहे.

जानेवारीत शेजारच्या महाविद्यालयाशी आमचा सरावाचा सामना झाला. पहिल्या पाच मिनिटांतच बाकावरून ओळखीचा आवाज आला, ‘तिला सोडा, ती मारत नाही!’ माझी बचावपटू मागे गेली. मी कॅप्टनकडे चालू लागले, ती खांद्याला घासून गेली, शॉट पडला. पुन्हा तेच, पुन्हा पडला. तिसऱ्या वेळी ती मुलगी गोंधळून पुढे आली आणि आमच्या सेंटरला रिंगखाली मोकळा पास मिळाला. दुसऱ्या क्वार्टरमध्ये तोच आवाज पुन्हा आला, ‘अगं, बघत काय उभी राहिलीस? पुढे ये, धर तिला!’

त्या सामन्यात मी स्वतः दुरून तीन शॉट मारले. तिन्ही चुकले. एक तर रिंगला लागलासुद्धा नाही.